शत्रूने लिहिलेली बखर : कॅप्टन मॅकिंटॉश आणि मावळातील बंडकरी



शिवनेरीच्या पायथ्याशी इतिहासावर बोलायला उभे राहिलेल्या माणसाकडून कोणत्या विषयाची अपेक्षा असते, हे मला ठाऊक आहे. आज मात्र मी निवडलेला पुरुष या मातीतला नाही, आणि या मातीवर त्याने प्रेम केले असेही म्हणता येणार नाही. त्याचे नाव अलेक्झांडर मॅकिंटॉश. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील सैन्यात, सत्ताविसाव्या पलटणीत तो कॅप्टन होता. आपल्या पश्चिमेच्या डोंगरांत बंडकऱ्यांचा पाठलाग करण्यासाठी सरकारने त्याला पाठविले, आणि ते काम त्याने चोख केले. पुढे ज्यांचा पाठलाग केला त्यांचीच हकीकत त्याने लिहून काढली.

आपण विचाराल, अशा माणसासाठी वसंतातली एक संध्याकाळ का खर्च करावी? त्याचे उत्तर साधे आहे. जुन्नर-आंबेगावच्या मावळात दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी राहणारे लोक कसे राहत होते, त्यांचा न्याय कोण करीत असे, सरकारावर त्यांचा राग का होता, याची जी लेखी माहिती आज आपल्या हाती आहे तिचा मोठा भाग या एका माणसाच्या लेखणीतून उतरला आहे. ज्याने आपली माणसे पकडली त्याच्याच कागदावर त्यांची स्मृती टिकावी, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. अशा कागदावर विश्वास किती ठेवायचा, कोठे ठेवायचा आणि कोठे ठेवायचा नाही, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम काळाची आठवण करून देतो. १८१८ साली पेशवाई बुडाली. पुणे हाती आले म्हणून देश हाती आला असे इंग्रजांना वाटत नव्हते, कारण सह्याद्रीतले किल्ले अजून उभे होते. पुण्याच्या उत्तरेकडील किल्ले घेण्यासाठी मेजर एल्ड्रिज तोफा घेऊन आपल्या भागात आला. मे महिन्याच्या आरंभी त्याने चावंडावर दीडशेच्या वर गोळे टाकले आणि किल्ला शरण आला. पाठोपाठ नाणेघाटाचा राखणदार जीवधनही गेला. ज्या डोंगरी किल्ल्यांनी निजामशाही पाहिली, शहाजीराजांची धडपड पाहिली, मोगलांशी टक्कर पाहिली, ते एका आठवड्याच्या आत इंग्रजांच्या यादीत जमा झाले.

या युद्धाचा वृत्तांतही एका लष्करी अधिकाऱ्यानेच लिहिला. त्याचे नाव व्हॅलेंटाईन ब्लॅकर. मद्रास सैन्याचा तो क्वार्टरमास्टर जनरल. १८१७ ते १८१९ या काळातल्या मोहिमांवरील त्याचा जाडजूड ग्रंथ १८२१ साली प्रसिद्ध झाला. कोणती पलटण कोणत्या दिवशी किती कोस चालली, तोफा कोठे मांडल्या, नदी कोठे उतरली, याचा हिशेब ब्लॅकरइतका बारीक क्वचितच कोणी दिला असेल. तो पुढे हिंदुस्थानचा सर्वेअर जनरल झाला आणि १८२६ साली कलकत्त्यास वारला. त्याच १८२६ साली दुसऱ्या एका कॅप्टनचा ग्रंथ बाहेर पडला. तो म्हणजे साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफचा तीन खंडांतील मराठ्यांचा इतिहास. त्याचे मराठी भाषांतरही कॅप्टन डेव्हिड केपन याच्या नावाने लवकरच झाले आणि आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी आपला इतिहास शाळेत वाचला तो बव्हंशी त्या आधाराने.

ब्लॅकरने युद्ध लिहिले, ग्रँट डफने राज्य लिहिले. राज्य बुडाल्यावर मागे जी माणसे उरली त्यांच्याविषयी मात्र या दोघांच्या ग्रंथांत फारसे नाही. किल्ला पडल्यावर किल्ल्याखालच्या मेटांवरचा पहारेकरी गेला कोठे, हे विचारण्याची गरज सेनापतीला भासत नाही. ती गरज दहा वर्षांनी पोलीस-अंमलदाराला भासली, आणि तेथे मॅकिंटॉश पुढे येतो.

किल्ला म्हणजे नुसता तट आणि बुरूज नव्हे. प्रत्येक किल्ल्याभोवती त्याच्यावर जगणारी एक वस्ती असे. मेटे राखणारे, घाटवाटांवर चौकी-पहारा करणारे, खालच्या गावांची रखवाली करणारे अशा कोळी, रामोशी आणि इतर कुळांना पिढ्यानपिढ्या तनखा, इनाम जमिनी आणि गावोगावचे हक्क बांधून दिलेले असत. नव्या सरकारने किल्ल्यांचे तट आणि वाटा सुरुंगांनी उडविल्या. जो किल्लाच नाही त्याचा पहारा कसला आणि पहाऱ्याचा तनखा कसला? हिशेबाच्या वहीत ही काटकसर दिसली. डोंगरातल्या घरात मात्र तिचा अर्थ असा झाला की, बापाने खाल्लेली भाकरी मुलाला मिळेना. पुरंदरभोवतीच्या रामोशांची तीच गत, आणि हरिश्चंद्रगडापासून भीमाशंकरापर्यंतच्या महादेव कोळ्यांचीही तीच गत.

यातूनच बंडे उठली. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडी गावचा उमाजी नाईक १८२६च्या सुमारास उभा राहिला. १८२७च्या अखेरीस त्याची माणसे घाट उतरून पनवेल-मुरबाडच्या बाजूला गेली आणि सारा इंग्रजांना न देता आमच्याकडे भरा, असे हुकूम गावोगाव सुटले. चोर पेटी फोडतो. सारा मागतो तो राज्य मागत असतो, हा भेद आपण ध्यानात ठेवू. सरकारला उमाजी आवरेना, तेव्हा १८२८ साली त्याला माफी देऊन चाकरीत घेण्यात आले. ते जमले नाही आणि तो पुन्हा डोंगरात गेला.

इकडे उत्तरेला, राजूर-अकोल्यापासून आपल्या मावळापर्यंत, रामजी भांगरे याने १८२८ साली कोळ्यांचे बंड उभारले. हा रामजी काही काळ इंग्रजांच्याच पोलिसांत होता. हक्क बुडू लागले तेव्हा त्याने चाकरी सोडली. त्याच्या जोडीला रामा किरवा होता. हे बंड मोडण्याच्या कामावर जे अधिकारी आले त्यांत कॅप्टन मॅकिंटॉश हा एक. तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, पोलीस-पथकाचा तो मुख्य होता.

त्याची रीत कशी होती ते पाहा. मोठी पलटण घेऊन डोंगरात शिरले तर बंडकरी आधीच दुसऱ्या खोऱ्यात उतरतो. म्हणून त्याने लहान लहान टोळ्या केल्या, घाटांच्या तोंडाशी नाकेबंदी केली, आणि बंडकऱ्याला भाकरी कोण देतो, निरोप कोण नेतो, सोयरिक कोणत्या गावी आहे याचा शोध घेतला. डोंगरातला माणूस बंदुकीने सापडत नाही, तो नात्यागोत्याने सापडतो, हे त्याने ओळखले. १८३०च्या अखेरीपर्यंत कोळ्यांचे बंड थंडावले. रामा किरवा याला अहमदनगरला फाशी झाली. त्यानंतर हाच कॅप्टन उमाजीच्या मागे लागला. १८३१च्या डिसेंबरात, भोरजवळच्या उत्रोळीस, ओळखीच्याच माणसांच्या फितुरीने उमाजी सापडला. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी दिले.

सामान्य अंमलदाराची कथा येथे संपली असती. बक्षीस मिळाले, बढती मिळाली, दप्तर बांधले. मॅकिंटॉशचे दुसरे आयुष्य मात्र येथूनच सुरू होते. पाठलागासाठी त्याने जी माहिती गोळा केली होती ती त्याने ग्रंथरूप केली. १८३३ साली मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातून त्याचे रामोशी जमातीवरचे पुस्तक निघाले. त्याच्या नावातच उमाजीच्या चरित्राचा उल्लेख आहे. त्यानंतर १८३६-३७च्या सुमारास महादेव कोळ्यांवरील त्याचा विस्तृत वृत्तांत मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत आणि मुंबईच्या जिऑग्राफिकल सोसायटीच्या निबंधमालेत छापला गेला. रामोशांवरचे पुस्तक पुरंदरच्या बाजूचे असले, तरी हा दुसरा वृत्तांत थेट आपल्या जुन्नर-आंबेगावचा आहे.

या वृत्तांतात काय आहे? मुळशीपासून त्र्यंबकापर्यंत पसरलेल्या डोंगरपट्ट्यातील बावन्न मावळांची परंपरा त्यात आहे. प्रत्येक मावळाला एक नाईक आणि सर्वांवर सरनाईक. बहामनी आणि निजामशाही दरबारांत या नाईकांना मान होता. महादेव कोळ्यांची चोवीस कुळे आणि त्यांच्या पोटशाखा त्याने नावानिशी दिल्या आहेत. त्यांत कदम, चव्हाण, गायकवाड, भोसले, पवार, दळवी अशी आपल्या ओळखीची नावे आहेत. जातीच्या न्यायसभेला गोतर्णी म्हणत. तिचे अधिकारी कोण, याचीही नोंद आहे. रगतवान हा मुख्य, मेटाल त्याचा दुय्यम. वाळीत टाकलेल्याच्या दारी हाडूक बांधणारा तो हाडक्या, आणि त्याच्या घरातली विटाळलेली मडकी उचलणारा तो मडक्या. आज आपल्यातल्या किती जणांनी हे शब्द ऐकले आहेत? एका जमातीची न्यायव्यवस्था नाहीशी होण्याच्या आत तिचे वर्णन कागदावर उतरले, एवढे श्रेय या शत्रूला द्यावे लागेल.

त्यात दंतकथाही आहेत. या मुलखाचे मूळ रहिवासी घडशी होत, वाजंत्री वाजविणारे. रावणाने त्यांना दंडकारण्य बक्षीस दिले होते, आणि कोळी त्यांच्यानंतर आले, असे डोंगरातले म्हातारे सांगत. मॅकिंटॉशने ते ऐकले तसे नोंदविले. जावजी बांबळ्याची हकीकतही त्यातच आहे. पेशवाईत या कोळी नाईकाने बंड केले, किल्ले घेतले, आणि सरकारला तो आवरेना. अखेर तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने त्याने किल्ले परत केले, तेव्हा पुणे दरबाराने त्याला राजूरच्या साठ गावांचा अंमल दिला. १७८९ साली तो वारला. ही हकीकत लिहिताना इंग्रज कॅप्टनच्या मनात तुलना उमटली असेल की नाही, मला सांगता येणार नाही. वाचणाऱ्याच्या मनात ती उमटल्यावाचून राहत नाही. पुणे दरबाराने बंडकऱ्याला सुभेदारी दिली. कंपनी सरकारने उमाजीला जी चाकरी दिली ती पोलिसाची.

आणि आता या गावाच्या अगदी जवळची गोष्ट. शिवनेरीवर ज्याला आपण महादेव कोळी चौथरा म्हणतो त्याची कथा. सतराव्या शतकाच्या मध्याला मोगलांनी कोळ्यांच्या जमिनी मोजून सारा बसविण्याचा घाट घातला. खेमी सरनाईकाने त्याविरुद्ध मावळे उठविली. मोगली फौज चालून आली, डोंगरात कत्तल झाली, पकडलेल्यांना जुन्नरला आणून त्यांचा शिरच्छेद केला, आणि मस्तकांच्या राशीवर चौथरा बांधला. त्याला काळा चबुतरा असे नाव पडले. ही कथा आज आपण मुलांना सांगतो. ती डोंगरातल्या लोकांच्या तोंडी होतीच. परंतु तिला कागदावर आणणाऱ्यांत अग्रभागी आहे तो मॅकिंटॉश. मोगलांविरुद्धच्या कोळ्यांच्या बंडाची स्मृती, इंग्रजांविरुद्धचे कोळ्यांचे बंड मोडणाऱ्याने जतन केली!

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. या लिखाणावर विश्वास ठेवावा काय?

आपल्याकडे या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. एक पक्ष म्हणतो, साहेबाने लिहिले म्हणजे खरे, त्याला खोटे लिहून काय मिळायचे? दुसरा पक्ष म्हणतो, साहेबाने लिहिले म्हणजे खोटे, त्याला आपला इतिहास मलिन करायचा होता. या दोघांपेक्षा शहाणे उत्तर पुण्याच्या एका तरुणाने फार पूर्वी दिले आहे. १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या ग्रंथावर निबंध वाचला. त्यांनी डफला शिव्या दिल्या नाहीत आणि हारही घातला नाही. त्यांनी त्याची साधने तपासली, त्याच्या चुका दाखविल्या आणि कागद शोधण्याची हाक दिली. पुढे राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापली, त्या वाटेवरचे पहिले पाऊल कीर्तन्यांचे होते. ग्रँट डफला कीर्तने भेटले. मॅकिंटॉशला मात्र अजून कीर्तने भेटायचे आहेत. म्हणून त्याच पद्धतीने मी तीन प्रश्न आपणांपुढे ठेवतो.

पहिला प्रश्न : लिहिणाऱ्याने काय स्वतः पाहिले? घाट, वाटा, गावे, पिके, लग्नातले विधी, देवकार्य हे सर्व मॅकिंटॉशने जवळून पाहिले. आणि ते चुकीचे पाहून त्याला परवडणारे नव्हते. रामोशांच्या पुस्तकात त्याने त्यांच्या सांकेतिक बोलीतले शब्द टिपले आहेत. परक्याच्या देखत आपसांत बोलण्याची ती भाषा. विद्येची आवड म्हणून एखादा शब्दसंग्रह करतो. येथे त्या आवडीला गरजेची जोड होती, कारण ज्याला तो शब्द कळत नाही त्याच्या हातून बंडकरी निसटतो. म्हणून अशा नोंदी मी बऱ्याच अंशी विश्वसनीय मानतो. शिकारी जंगलाचा नकाशा चुकीचा काढीत नाही.

दुसरा प्रश्न : जे त्याने ऐकले ते कोणाकडून ऐकले? उमाजी पुण्याच्या कैदेत असता कॅप्टनने त्याच्याकडून माहिती मिळविली, असे आपल्याकडील चरित्रकार सांगतात. बेड्या घातलेला माणूस फाशीची वाट पाहत असता काय सांगेल? तो कोणाला वाचवील, कोणाचे नाव गाळील, आपल्या पराक्रमाला किती चढवील? सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये फाशीचा दोर लोंबत असताना जे बोलणे होते ते साक्षीदाराचे बोलणे असते, पण मोकळ्या माणसाचे नसते. खबऱ्यांचीही तीच गोष्ट. इनामाच्या आशेने बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला हवे तेच बोलतो. बंडकऱ्याच्या हेतूंविषयी, त्याच्या क्रौर्याविषयी, त्याच्या आपसांतल्या भांडणांविषयी जे लिहिले आहे ते या चाळणीतून घातले पाहिजे.

तिसरा प्रश्न : हे लिहिले कोणासाठी? उघडच आहे की आपल्यासाठी नव्हे. उद्या या डोंगरात जो दुसरा अंमलदार येईल त्याला मुलूख आणि माणसे कळावीत, हा या लेखनाचा उपयोग होता. त्यामुळे त्यात बंड म्हणजे रोग आणि सरकार म्हणजे वैद्य, ही समजूत गृहीत धरलेली आहे. लुटलेल्या गावाची नोंद होते. गाव बंडकऱ्याला भाकरी का देत होते, याचे कारण बहुतेक वेळा भय म्हणून सांगितले जाते. भीती असेलच, पण जिव्हाळा नव्हता असे कसे म्हणावे?

परंतु या तिसऱ्या प्रश्नाच्या पोटातच मॅकिंटॉशची थोरवीही दडली आहे, आणि ती कबूल करणे न्यायाचे होईल. बंडाचे कारण शोधताना तो बुडालेल्या हक्कांपर्यंत येऊन पोहोचतो. पिढीजात तनखे गेले, चौकी-पहाऱ्याचे हक्क तोडले, आणि त्यातून असंतोष झाला, ही गोष्ट त्याच्या लिखाणातून बाहेर पडते. आपल्याच सरकारविरुद्धची साक्ष सरकारच्याच कॅप्टनने दिली. आणि आणखी एक बारीक गोष्ट पाहा. सरकारी जाहीरनाम्याला उमाजी हा दरोडेखोर. मॅकिंटॉशच्या ग्रंथाच्या नावात मात्र, उच्चाराने 'उमिया' झालेला का होईना, तो नाईक आहे आणि त्याच्या लोकांचा प्रमुख आहे. ज्याला पकडायला वर्ष घालविले त्याला क्षुद्र म्हणणे शिपायाला जमत नाही. शत्रूच्या तोंडून निघालेला हा आदर मला अनेक स्तुतिपर चरित्रांहून मोलाचा वाटतो.

या लिखाणाचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे जेम्स कँबेलच्या संपादनाखाली निघाली. त्यांत पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड १८८५ साली बाहेर पडला. त्यातील कोळ्यांची माहिती मॅकिंटॉशच्या आधारावर उभी आहे. गॅझेटिअरातून ती शाळेच्या पुस्तकांत, कचेरीत, कोर्टात गेली. मूळ कॅप्टनचे नाव विसरले गेले आणि त्याचे शब्द सरकारी सत्य होऊन बसले. एका विशिष्ट काळी विशिष्ट माणसांनी केलेले बंड हा अमुक जातीचा स्वभावच, असे मानण्याची खोड या प्रकारच्या सर्व लिखाणाने लावली. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ साली तो अधिक कडक होऊन मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि ज्यांच्या पूर्वजांनी गावांची रखवाली केली त्यांना हजेऱ्या द्याव्या लागल्या. रामोशाची जुनी जबाबदारी काय होती? गावात चोरी झाली तर माग काढीत शिवेपर्यंत जायचे, आणि माग आपल्याच शिवेत संपला तर भरपाई करायची. असे राखणदार आणि त्यांच्या जातिबांधवांवर जन्मजात चोरीचा शिक्का! तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. कागदावरून गेला, मनांतून किती गेला, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. लेखणीचा घाव असा असतो. मॅकिंटॉशचा हेतू तेवढा दूरचा नव्हता, परंतु अंमलदारासाठी लिहिलेले वर्णन अंमलदाराच्याच कामी येणार, यात नवल नाही.

मग प्रश्न असा येतो की, त्याने लिहिलेच नसते तर बरे झाले असते काय? याचे उत्तर शोधायला आपणांस आंबेगाव तालुक्यातच जायचे आहे.

मॅकिंटॉशनंतर बंडे थांबली नाहीत. राघोजी भांगरे १८४४च्या सुमारास उठला. पंढरपुरास गोसाव्याच्या वेषात सापडला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. त्यानंतर पाव शतकाने, १८७३ ते १८७६ या काळात, आंबेगावातील जांभोरीचा होन्या केंगले उभा राहिला. या वेळी डोंगरातल्या माणसाच्या गळ्याशी सावकाराचे खत आले होते. नागली-वरईचे दोन दाणे घरात येण्याआधी ते कर्जात जात. होन्याने आणि त्याच्या सोबत्यांनी सावकारांची घरे गाठली, खते फाडली, सावकारांची नाके कापली. तिकडे १८७५च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, ते दख्खनचे दंगे म्हणून जगजाहीर झाले. त्यांच्यासाठी सरकारने आयोग नेमला, साक्षी घेतल्या, अहवाल छापला, पुढे १८७९चा शेतकरी-संरक्षणाचा कायदा झाला. होन्याला मेजर डॅनियलने १८७६ साली पकडले. गॅझेटिअरात त्याच्या वाट्याला आल्या त्या काही ओळी. त्याला मॅकिंटॉश भेटला नाही. त्याची सांकेतिक भाषा कोणती, त्याला भाकरी कोणत्या गावाने दिली, त्याचे कोणते खत कोणत्या सावकाराकडे होते, हे विचारणारा आणि लिहून ठेवणारा कोणी निघाला नाही. मित्रही निघाला नाही आणि शत्रूही निघाला नाही.

यावरून माझे म्हणणे स्पष्ट होईल. शत्रूने लिहिलेली बखर वाईट असते, पण ती सुधारता येते. उलट वाचता येते, तपासता येते, तिच्याशी भांडता येते. न लिहिलेल्या बखरीशी काय भांडणार? उमाजीवर आज कोणी नवे चरित्र लिहावयास बसला तर त्याला मॅकिंटॉश खोडून काढता येईल. होन्यावर लिहावयास बसलेल्याला खोडायला काहीच मिळणार नाही.

आणि ही कोरी जागा वाढतच आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या जलाशयाला आपण हुतात्मा बाबू गेनूचे नाव दिले. महाळुंगे पडवळचा हा गिरणी-कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला. नाव योग्यच दिले. परंतु पाण्याखाली गेलेल्या घरांबरोबर वाटांची नावे गेली, मेटांच्या खुणा गेल्या, कुळांच्या हकीकती सांगणारी म्हातारी माणसे पांगली. कुकडीच्या खोऱ्यातही माणिकडोहाने हेच केले. पाणी हवे, शेती हवी, याबद्दल वाद नाही. पण गाव हलविताना जसे घराचे वासे मोजून नेतात तशा गावाच्या आठवणीही मोजून नेल्या पाहिजेत.

हे काम कोण करणार? पूर्वी डोंगरातल्या मुलाला शाळा नव्हती, म्हणून लेखणी कॅप्टनच्या हाती गेली. आज तशी सबब उरलेली नाही. जांभोरीची, आहुप्याची, घाटघरची मुले शिकली आहेत, शिक्षक झाली आहेत, कचेऱ्यांत आहेत. हिरड्याच्या हंगामात आजही घरोघर म्हातारी माणसे अंगणात बसलेली दिसतात. त्यांना विचारा. गोतर्णीबद्दल आजोबा काय सांगत, कोणत्या कपारीत बंडकरी लपत, होन्याचे नाव घरात कोणत्या स्वरात घेतले जाई, हे विचारा. सांगणाऱ्याचे गाव आणि ऐकल्याची तारीख लिहा, आणि त्याच्याशेजारी आपले मत लिहू नका. ते वेगळ्या पानावर लिहा. मॅकिंटॉशकडून घ्यायचे ते एवढेच. माणसाला त्याचे नाव, कूळ, गाव आणि वाट यांसकट ओळखण्याची त्याची चिकाटी घ्या. ज्यासाठी त्याने ती चिकाटी दाखविली ते त्याचे त्याच्यापाशी राहू द्या.

येथल्या शाळांनी आणि वाचनालयांनी मनावर घेतले तर दोन-तीन वर्षांत एकेका मावळाची एकेक वही तयार होईल. तिच्यात चुका असतील, अतिशयोक्ती असेल, दोन गावांच्या दोन तऱ्हा असतील. असोत. कीर्तन्यांसारखा एखादा तरुण पुढे येऊन त्या दाखवील. मात्र त्याला दाखवायला वही तर हवी!